धोक्यांची जागा कोरी असेल तर सही थांबवा

तुमच्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन उद्या सकाळी, संमतीपत्रात धोक्यांच्या ओळी कोऱ्या, आणि सही तुमच्याकडे मागतायत, हे तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि आमची ती रात्र आठवली. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. जे भोगलं तेवढंच सांगते.

माझ्या ताईचं थायरॉईडचं ऑपरेशन होतं. ताई शाळेत शिकवते. डिपॉझिटच्या पावतीबरोबर इंग्रजी छापील फॉर्म पुढे आला आणि मी सही करून टाकली. ताई शुद्धीवर होती, शेजारच्या खोलीत चहा पीत होती, तरी सही माझी! आमची सगळ्यात मोठी चूक हीच. ऑपरेशननंतर तिचा आवाज बसला. स्वरयंत्राच्या नसेला इजा होऊ शकते, हे आम्हाला तेव्हा कळलं. फॉर्मवर मात्र "सर्व धोके समजावून सांगितले" एवढीच ओळ. आधी कळलं असतं तरी तिने ऑपरेशन केलंच असतं, पण वर्गाचं काय करायचं याचा विचार तरी झाला असता.

आई शुद्धीवर असेल तर सही तिचीच हवी. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेच धरलं. पेशंट भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. ती संमती ग्राह्य धरली नाही.

उद्या सर्जनलाच विचारा: दुर्बिणीने जमलं नाही तर पोट उघडणार का? पित्तनलिकेला इजा झाली तर पुढे काय? आईला मधुमेह वगैरे असेल तर तिच्यापुरता वेगळा धोका कोणता? उत्तरं त्या कोऱ्या ओळींत मराठीत लिहून घ्या, मग आईची सही, तारीख, वेळ. माझं ठाम मत आहे, यात चांगल्या डॉक्टरचंही भलंच आहे. अगदी तातडीचं ऑपरेशन असेल तर मात्र कागदापायी वेळ घालवू नका.

आणि फॉर्मचा फोटो तिथेच काढा. आम्ही नंतर प्रत मागितली तर रेकॉर्डच्या खिडकीवर "साहेब नाहीत", "उद्या या", "फाईल वर गेलीय". तीन आठवडे हेलपाटे! आजारी माणसाला घरी एकटं ठेवून त्या खिडकीसमोर उभं राहताना जो संताप व्हायचा, तो अजून गेलेला नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत मागणीची पोच देऊन ७२ तासांत कागद द्यायचे आहेत, हे मला फार उशिरा कळलं. तोंडी मागू नका. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर शिक्का घ्या. विम्याच्या क्लेमलाही हेच कागद लागतात.