वाचकांचे प्रश्न: एनव्हिडियाचा शेअर आता घ्यावा का?

प्रश्न: नमस्कार. मी नाशिकची, वय 51, शाळेत शिक्षिका आहे. माझ्या दोन एफडी मिळून 11 लाख रुपये पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतायत. भाचा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो मावशी सगळे एनव्हिडिया या अमेरिकेच्या चिप कंपनीत टाक आणि दहा वर्षं बघूच नको, एआय आत्ता कुठे सुरू झालंय. मुलगी अकरावीत आहे, तिच्या इंजिनिअरिंगची फी यातूनच भरायची आहे. एफडी, पीपीएफ आणि एक छोटी एसआयपी सोडून मी आजवर काही केलेलं नाही. लाँग टर्मसाठी हा शेअर चांगला आहे का?

उत्तर: ताई, आधी फीचं बघू. मुलगी अकरावीत आहे म्हणजे दोन वर्षांच्या आत पहिली फी भरायची वेळ येणार, मग ते पैसे लाँग टर्मचे नाहीतच, ते परत एफडीतच राहू द्या, भाचा कितीही मागे लागला तरी. उरलेल्या पैशांचं बोलू.

कंपनीबद्दल तुमचा भाचा चुकीचं काही सांगत नाहीये. जानेवारी 2023 ला संपलेल्या वर्षात एनव्हिडियाची विक्री सुमारे 27 अब्ज डॉलर होती, दोनच वर्षांत ती 130 अब्जांवर गेली आणि त्यातला जवळजवळ 73 अब्ज डॉलर निव्वळ नफा. एवढ्या मोठ्या कंपनीने इतक्या वेगाने वाढणं फार क्वचित बघायला मिळतं. आणि हे नुसतं नशीब नाही, 2006 मधे त्यांनी कूडा नावाची सॉफ्टवेअरची सोय आणली, गेमिंगची चिप इतर गणितांसाठीही वापरता यावी म्हणून, त्यावर वर्षानुवर्षं पैसा ओतला, आणि आज एआयवर काम करणाऱ्यांचे हात त्यावरच बसलेत, त्यामुळे दुसऱ्या कंपनीची चिप स्वस्त मिळाली तरी पटकन कोणी बदलत नाही.

पण कंपनी चांगली आहे का आणि या भावाला तिचा शेअर चांगला आहे का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि लोक इथेच गल्लत करतात. सिस्कोचं उदाहरण घ्या. 2000 साली इंटरनेटची बरीचशी यंत्रसामग्री हीच कंपनी पुरवत होती, मार्च 2000 मधे काही दिवस ती जगातली सगळ्यात जास्त बाजारमूल्याची लिस्टेड कंपनी होती. इंटरनेट वाढणार असं लोक म्हणत होते, ते शंभर टक्के खरं ठरलं. सिस्कोची विक्रीही तेव्हाच्या 19 अब्ज डॉलरवरून पुढे 50 अब्जांच्या वर गेली. तरी शेअर 2002 पर्यंत 80 टक्क्यांहून जास्त पडला आणि मार्च 2000 चा भाव परत दिसायला 25 वर्षं गेली! एनव्हिडियाचं अगदी तसंच होईल असं मी म्हणत नाही, सिस्कोचा भाव तेव्हा नफ्याच्या मानाने कितीतरी जास्त फुगलेला होता, एनव्हिडियाकडे आज खरा नफा आहे. पण अंदाज बरोबर असूनही पैसे अडकू शकतात, एवढं यातून नक्की कळतं.

आणि आकार बघा. ऑक्टोबर 2025 मधे एनव्हिडियाचं बाजारमूल्य 5 ट्रिलियन डॉलरवर पोचलं, म्हणजे आपल्या देशाच्या वर्षभराच्या जीडीपीपेक्षा जास्त. इथून दहापट व्हायचं तर 50 ट्रिलियन लागतील, अमेरिकेचा अख्खा जीडीपीसुद्धा तेवढा नाही. त्यामुळे ज्यांनी 2015 ला घेतला त्यांचे आकडे बघून आपल्यालाही तसंच मिळेल असं धरू नका.

मला खरी काळजी आहे ती मधल्या पडझडीची. नोव्हेंबर 2021 ते ऑक्टोबर 2022 या अकरा महिन्यांत हाच शेअर 66 टक्के पडला होता, म्हणजे तुमचे 11 लाख असते तर पावणेचार लाख दिसले असते. 2002 आणि 2008 ला तर 80 टक्क्यांहून जास्त पडला. 27 जानेवारी 2025 ला चीनच्या डीपसीक या स्वस्तात बनवलेल्या एआयच्या बातमीने एका दिवसात 17 टक्के गेला. दरवेळी सावरला हे खरं, पण ज्यांना तेव्हाच फी भरायची होती किंवा भीतीने झोप उडाली आणि विकून टाकलं त्यांना सावरण्याचा काही उपयोग झाला नाही. शिवाय विक्रीचा मोठा हिस्सा मोजक्या गिऱ्हाइकांकडून येतो आणि त्यातले गूगल, ॲमेझॉन स्वतःच्याही चिप्स बनवतायत. एनव्हिडियाच्या चिप्स बनतात मुख्यतः तैवानच्या टीएसएमसीकडे, तिथे काही गडबड झाली तर पटकन दुसरी सोय नाही.

माझं मत विचाराल तर फी बाजूला काढून जे उरेल त्यातले पाच टक्के, फार तर दहा, आणि तेही वर्षभरात थोडे थोडे करून. त्यापेक्षा नॅस्डॅक 100 चा, म्हणजे अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअरबाजारातल्या 100 मोठ्या कंपन्यांचा फंड बरा, त्यात एनव्हिडिया आहेच आणि बाकीच्या 99 कंपन्याही. फक्त म्युच्युअल फंडांना परदेशात गुंतवायला मर्यादा असल्यामुळे काही फंड मधेच नवीन पैसे घेणं थांबवतात, आणि ईटीएफ (शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड) घेणार असाल तर एनएव्हीपेक्षा, म्हणजे त्याच्या एका युनिटच्या खऱ्या किमतीपेक्षा, किती महाग मिळतोय ते आधी बघा.

थेट शेअर घेतलाच तर टॅक्सचं लक्षात ठेवा. वर्षाला 10 लाखांच्या वर बाहेर पाठवले तर वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, घेतात (रिटर्न भरताना तो वळता करून मिळतो), दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर 12.5 टक्के, आधी विकलं तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. आणि रिटर्नमधे शेड्यूल एफए (परदेशातल्या मालमत्तेची माहिती) भरावं लागतं, म्हणजे आयटीआर 1 हा साधा फॉर्म चालत नाही. हे बरेच जण विसरतात, एकच शेअर असला तरी भरा.

प्रश्न: मुलगा सिएटलला एका मोठ्या टेक कंपनीत आहे, एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर. पगारासोबत कंपनीचे शेअर्स मिळतात, चार वर्षांत तिप्पट झालेत, तो एकही विकत नाही. ठेवावेत का? (सोलापूर)

उत्तर: काका, त्याचा पगार, व्हिसा आणि बचत तिन्ही एकाच कंपनीवर आहे, हे मला बरोबर वाटत नाही. नोव्हेंबर 2022 मधे मेटाने (फेसबुकची कंपनी) 11 हजारांवर लोक कमी केले तेव्हा शेअरही आधीच्या वर्षीच्या उच्चांकावरून 70 टक्क्यांहून जास्त पडलेला होता, म्हणजे नोकरी गेली आणि शेअरही नाही अशी वेळ कित्येकांवर एकदमच आली, वर एच-1बी वाल्यांना दुसरी नोकरी शोधायला जेमतेम 60 दिवस. शेअर हातात पडतात तेव्हाच त्यावर पगारासारखा टॅक्स लागून गेलेला असतो, त्यामुळे लगेच विकले तर वेगळा टॅक्स जवळपास काहीच लागत नाही. त्याला सांगा यापुढे मिळतील ते निम्मे तरी लगेच विकून इंडेक्स फंडात (ज्यात एकदम बऱ्याच कंपन्यांचे शेअर येतात) टाक, आणि जुन्यातले एक वर्षाहून जास्त ठेवलेले आधी विकायला घे, तिकडे वर्षानंतर लाँग टर्मचा कमी टॅक्स लागतो.