बोअरच्या पाण्यामुळे गिझरची कॉइल जळते का? (जळगाव, दोन वर्षांत दोनदा)

हो, बहुतेक पाण्यामुळेच. जड पाणी तापलं की त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा पांढरा थर कॉइलवर बसतो, उष्णता पाण्यात जात नाही आणि कॉइल आतल्या आत तापून जाते. गिझर दुरुस्ती हेच माझं काम. बोअरवाल्या घरात टाकी उघडली की तळाशी भाकरीच्या पापुद्र्यासारखे तुकडे निघतात. पाण्याचा रिपोर्ट ‘पिण्यायोग्य’ आला म्हणून निर्धास्त राहू नका. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची (म्हणजे जडपणाची) मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, पण दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतं. पोटाला चालतं, कॉइलला नाही! टीडीएस मीटरवरही जाऊ नका, तो विरघळलेले एकूण क्षार दाखवतो, कठीणपणा वेगळा दाखवत नाही.

- थर्मोस्टॅट ५०-५५ अंशांवर ठेवा. जास्त तापवलं की थर झपाट्याने बसतो.
- वर्षातून एकदा कॉइल काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवा, अॅनोड रॉडही (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेली दांडी) बघून घ्या.
- जमलं तर गिझरला वाघूर धरणाचं नळाचं पाणी जोडा.

मात्र जळालेली कॉइल स्वच्छ निघाली, तर दोष पाण्याचा नाही. थर्मोस्टॅट आणि वायरिंग तपासा.