एकाहत्तर नंबरची ट्राम

रामबाग, इंदूर
डिसेंबर, गराडूचे (तळलेल्या कंदाचे) दिवस

चिरंजीवा,

नाव मुद्दाम लिहीत नाही. पाळण्यातलं नाव तुझ्या आजीखेरीज कुणी घेत नाही आणि घरातलं नाव तुला आता नको असतं, हे मागच्या फोनवर कळलं.

तुझा निरोप रात्री उशिरा वाचला. "मावशी, सोमवार ते शुक्रवार बरा जातो. रविवार अंगावर येतो." एवढंच, आणि खाली बर्फाचा एक फोटो. तो मी आईला दाखवला. ती म्हणाली, छान आहे, पण यात माणूस कुठंय?

गंमत बघ. तू माझ्या गावात आहेस आणि मी तुझ्या. सव्वीस वर्षं व्हिएन्नात काढून मी आईच्या मोडलेल्या खुब्यापायी तीन महिने रामबागेत येऊन राहिले आहे, आणि तू इथली खोली आवरून दोन वर्षांसाठी तिकडे गेलास. सल्ला तू मागितलेला नाहीस. तरी देते. या वयात तेवढीच एक गोष्ट फुकट वाटता येते.

मी 1999 साली गेले, तेव्हा पहिल्या तीन रविवारांत शहर उरकलं. शोनब्रुनचा राजवाडा, स्टेफानचं कॅथेड्रल, बेल्व्हेडेअरमधली चित्रं. कॅमेऱ्याचे रोल धुतले, फोटो इंदूरला पाठवले, इथं ते सगळ्या आळीत फिरले. चौथ्या रविवारी बघायला काही शिल्लक नव्हतं. शनिवारी संध्याकाळी दुकानं बंद झाली की थेट सोमवारी उघडतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात अर्धा पाव आणि दोन बटाटे. चार वाजता अंधार. आणि इथं त्याच वेळी माझ्या घरचे लोक काय करत असतील याचा हिशोब मी घड्याळ लावून करत होते. आता बाबा सायकल काढतील, आता सराफ्यात सोन्याच्या दुकानांची शटरं पडतील आणि त्यांच्याच ओट्यांपुढं भुट्ट्याच्या किसाच्या कढया चढतील. जिथं आपण नाही तिथलं वेळापत्रक पाठ म्हणत बसणं ही फार वाईट सवय आहे. तू ती करतोस. रात्री अडीचला तू "आज पोहे खाल्ले का" असं विचारलंस, तेव्हाच मला कळलं.

त्या चौथ्या रविवारी माझी खोली रेनवेगवर होती. खाली उतरले आणि समोर जी ट्राम आली तीत चढले. कुठं जाते ते पाहिलंही नाही. आकडा होता 71.

समोर एक आजी बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून लाल काचेचे दिवे डोकावत होते. तिनं मला काहीतरी विचारलं. माझं जर्मन तेव्हा "हे केवढ्याला" याच्या पुढं सरकलेलं नव्हतं, म्हणून मी नुसतं हो म्हटलं. त्या होचा अर्थ असा निघाला की उतरताना पिशवी मी धरायची. धरली. उतरलो ते एका मोठ्या फाटकापाशी, आणि आत शिरल्यावर कळलं की हे स्मशान आहे. त्सेंट्रालफ्रीडहोफ. 1874 पासून अख्खं व्हिएन्ना तिथं जाऊन झोपतं. "त्यानं एकाहत्तर पकडली" असं व्हिएन्नाचे लोक म्हणतात, तेव्हा माणूस गेला असं समजायचं. आपल्याकडे "देवाघरी गेला" म्हणतात, तसलाच प्रकार. हे मला तीन आठवड्यांनी ऑफिसात कळलं, आणि मी रविवारी मुद्दाम एकाहत्तरनं फिरायला जाते हे ऐकून सगळे पोट धरून हसले.

बेटहोव्हेन आणि शूबर्ट तिथंच आहेत. आजीनं त्यांच्या बाजूला मानसुद्धा वळवली नाही. ते पाहुण्यांसाठी. ती तिच्या नवऱ्याच्या थडग्यापाशी गेली, सुकलेली फुलं काढली, दिवा लावला आणि मला खूण केली की तू पण एक लाव. कुणासाठी? मी विचारलं नाही. लावला. परतताना ट्राममध्ये ती झोपली, पिशवी माझ्याच मांडीवर होती.

पुढच्या रविवारी मी त्याच वेळी त्याच थांब्यावर उभी होते. ती आली. एवढंच झालं. पण त्या आठवड्यात पहिल्यांदा मला शनिवारी रात्री झोप लागली.

तर माझं सांगणं असं आहे, बाबा, की तू शहर बघणं थांबव. एक वाट धर, आणि ती तीच ती कर. तीच ट्राम, तोच डबा, तीच वेळ, तोच बाक. कंटाळा येईल, येऊ दे. कंटाळ्याच्या पलीकडे कुणीतरी तुला ओळखायला लागतो. ज्या शहरात आपण कुणाचं तरी नेहमीचं गिऱ्हाईक आहोत, त्या शहरात रविवार तेवढा अंगावर येत नाही. मला हे शहाणपण म्हणून सुचलं नव्हतं. माझ्याकडे दुसरं काही करायलाच नव्हतं.

कॉफीचंही तसंच. तिकडं कॉफीबरोबर छोट्या ताटलीत पाण्याचा पेला येतो, आणि एका कपावर तीन तास बसलास तरी कुणी उठवत नाही. लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं असतात. तू लिहिलंस की कॉफी महाग म्हणून तू जातच नाहीस. रुपये काढायला मी तिथल्या तेव्हाच्या शिलिंगला तिनानं गुणायची. तू युरोला शंभरानं गुणतोस. शंभरानं गुणणं सोपं, म्हणून जास्त धोक्याचं. तुला रुपयांत पगार मिळतो का? मग रुपयांत कॉफी कशी पितोस? आठवड्यातून एकदा, एकाच ठिकाणी, खिडकीजवळ. वेटर तुसडा असेल. तो सगळ्यांशीच तुसडा असतो, ती तिथली रीत आहे, तुझ्या रंगाशी त्याचं काही नाही. (रंगाशी असतं तेव्हाही कळतं. तेव्हा उठून यायचं, पुन्हा जायचं नाही. त्यावर वेगळं पत्र लिहीन.) माझ्या वेटरला आठ महिने लागले. एका गुरुवारी मी कोट काढायच्या आत त्यानं माझी मेलांज, म्हणजे दुधाळ कॉफी, आणून ठेवली, न विचारता, आणि काही न बोलता गेला. मी ते त्या रात्री आईला फोन करून सांगितलं. मिनिटाला किती पडायचे तेव्हा, पण सांगितलं. आई म्हणाली, मग त्यात काय, आपला पोहेवाला तर तुला रोज न विचारता द्यायचा. तिचं बरोबर होतं. त्यात काही नव्हतंच, म्हणून तर रडू आलं.

पासाचं एक सांगायचं राहिलं. 2012 मध्ये त्या शहरानं वर्षाचा पास 365 युरोवर आणला, म्हणजे रोजचा एक. 2026 च्या जानेवारीपासून भाव वाढतोय म्हणतात. पण मुद्दा भावाचा नाही. पास खिशात असला की कारण नसताना चढता येतं. स्टेशनात फिरती फाटकंही नाहीत. तू पास फक्त ऑफिसला वापरतोस, हे म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून नुसता वरणभात खाण्यासारखं झालं. डी ट्राम पकड आणि नुसडॉर्फपर्यंत बसून राहा. शेवटी उतरलास की दहा मिनिटांत द्राक्षांचे मळे लागतात, शहराच्या हद्दीतच. एवढं मोठं राजधानीचं शहर आणि वेशीवर मळे. मला आपल्या बिजासन टेकडीची आठवण व्हायची, का ते विचारू नकोस.

आणि चाल. चालण्याबद्दल तुला तुझ्याच गावातली एक गोष्ट सांगते, तुमच्या कॉलेजात शिकवली नसणार. पॅट्रिक गेडिस नावाचा एक स्कॉटिश माणूस होता. मूळचा जीवशास्त्राचा, मग शहरं आखायला लागला. होळकर दरबारानं त्याला इंदूरला बोलावलं. त्याचा दोन खंडांचा अहवाल 1918 साली छापला गेला. गावात प्लेग होता. हा दाढीवाला म्हातारा हातात नकाशा घेऊन बोळाबोळांतून हिंडायचा आणि लोक त्याला बिचकायचे, की हा आला म्हणजे आपलं घर पाडणार. मग त्यानं दरबाराकडून एका दिवसाचं राजेपण मागून घेतलं आणि दिवाळीची मिरवणूक आपल्या हातात घेतली. मिरवणुकीचा ठरलेला रस्ता त्यानं मोडला. सांगितलं, ज्या गल्ल्यांतली घरं जास्त झाडली-सारवली, जास्त दुरुस्त केली, त्या गल्ल्यांतून मिरवणूक जाणार. झालं! सगळ्या गावात झाडू फिरले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि झाडूवाले पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, फुलं लावलेले झाडू घेऊन चालत होते. 2017 पासून स्वच्छ शहर म्हणून ओळीनं पहिले नंबर काढणाऱ्या आपल्या गावानं हे शंभर वर्षांपूर्वी एकदा करून पाहिलं होतं, आणि ते एका परक्याच्या डोक्यातून आलं होतं. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजत दारावरून गेलं की मला हटकून तो उंदीर आठवतो.

हे सांगायचं कारण तो उंदीर नव्हे. परका माणूस बोळात उभा राहिला की लोक आधी दार लोटून घेतात, हे इंदुरातही झालं. तुझ्या मजल्यावरची बाई तुझ्याकडे तशी बघते म्हणून तू लिफ्ट सोडून जिन्यानं जातोस, असं तुझी आई म्हणाली. लिफ्टनंच जा. "ग्र्यूस गॉट" म्हण, तिकडचा नमस्कार, रोज, उत्तर येवो न येवो. दुपारी जेवायच्या वेळी कुणी भेटलं की "मालत्साइट". उच्चार चुकला तर सुधारतील. सुधारणारा माणूस निदान बोलतो तरी.

आता माझं इथलं ऐक, म्हणजे तुला वाटणार नाही की मी उंचावर बसून बोलते. मी आले त्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खायला गेले. ठिकाण तेच, हातगाडी तीच असावी, माणूस मात्र जुन्या पोहेवाल्याचा मुलगा. मी मराठीत बोलायला लागले, मग हिंदीत आले. त्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मैडम, बाहर से आए हो?" चिरंजीवा, माझ्या आजोबांच्या आजोबांपासून आम्ही रामबागेत. मी पोहे अर्धे टाकून घरी आले. दिवसभर आईवर चिडचिड केली.

रस्तेही ओळखेनात. माझ्या वेळी काळा धूर सोडणारे टेम्पो होते, नगर सेवा होती. तू ज्या आयबसनं कॉलेजात जायचास, तिच्यासाठी 2013 मध्ये केलेली वेगळी मार्गिकाही आता काढून टाकतायत. मला ते पटलेलं नाही. बसला रस्ता दिला तर मोटारी तुंबतात म्हणणाऱ्यांनी बसमध्ये बसून पाहावं. मेट्रो 31 मे 2025 ला सुरू झाली, पाच स्टेशनांपुरती, गांधी नगरच्या बाजूला. आईच्या दवाखान्याला तिचा काडीचा उपयोग नाही. तरी एका दुपारी मुद्दाम जाऊन बसून आले. डब्यात निम्मे लोक मोबाइलवर आपलाच फोटो काढत होते. एक आजोबा खिडकीपाशी बसून बाहेरचं एकेक नाव मोठ्यानं वाचत होते, शेजारच्या नातवाला. मी त्यांच्यासमोर बसले. उतरताना त्यांनी मला पिशवी धरायला दिली. खोटं वाटेल, पण दिली.

मग मी माझंच औषध घेतलं. रोज सकाळी साडेसात, तीच हातगाडी. पायात बूट नाहीत, आईच्या चपला. इमली बाजारातून राजवाड्यापर्यंत चालत जायचं, सात मजले खालून वर मोजायचे (बाबा मोजायला लावायचे), आणि परत येताना पोहे. पहिले आठ दिवस "बाहर से आए हो"ची नजर. मग एक दिवस मी गेले नाही, आईला ताप होता. दुसऱ्या दिवशी त्यानं पोहे वाढले, जीरावण, म्हणजे पोह्यांवरचा मसाला, जरा जास्तच टाकलं, शेव कमी, मला हवं तसं, आणि विचारलं, "कल नहीं आए, सब ठीक?" मी म्हटलं, माताजी बीमार थीं. त्यानं एक पुडा बांधून दिला, घरी न्यायला. पैसे घेतले हो. इंदूरचा आहे तो.

आता एक काम सांगते. ती पिशवीवाली आजी 2014 साली गेली. नवऱ्याशेजारीच आहे. मी दर वर्षी डिसेंबरात जाते. यंदा जमणार नाही. तू येत्या रविवारी श्वार्ट्सनबेर्गप्लात्सला एकाहत्तरमध्ये चढ, दुसऱ्या फाटकाला उतर. बाहेर फुलांच्या टपऱ्या असतात, तिथून लाल काचेचा झाकणवाला दिवा घे. हिवाळ्यात तिथले नळ बंद असतात, म्हणून पाणी घालायच्या भानगडीत पडू नकोस. फक्त दगडावरचा बर्फ हातानं झाड, नाव दिसेल इतका. कुठल्या ओळीत ते नकाशा काढून दुसऱ्या पानावर पाठवते, माझी चित्रकला सांभाळून घे. काडेपेटी घरून ने. मी दोनदा विसरले आहे.

तुझी
मावशी

ता. क. जीरावणाची पुडी तुझ्या आईकडे देऊन ठेवली आहे, जानेवारीत तुझा मित्र येतोय त्याच्याबरोबर पाठवेल. तिकडचे पोहे जाड मिळतात, तासभर भिजवू नकोस, लगदा होतो.