अकरावीचं वर्ष मोजलंत का?

अमेरिकेतल्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाच्या कोचिंगमधली तुमची पोस्ट वाचली आणि माझा 2019 चा जुलै डोळ्यांपुढे आला, तेव्हा मीही त्याच कामात होतो. तुमचं सगळं तसंच: डिव्हिजन वन म्हणजे कॉलेज खेळांच्या वरच्या श्रेणीतलं लहानसं कॉलेज, 'तू भारतातला, तिकडची मुलं तूच बघ' म्हणून हेड कोचने गळ्यात घातलेलं काम, तोंडी हो म्हणालेला कोल्हापूरचा सहा फूट नऊ इंची पोरगा, महिनाभर लटकलेला त्याच्या खेळण्याच्या पात्रतेचा निकाल, आणि वर तुमचा सगळ्यात चांगला गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा खेळाडू, ट्रान्सफर पोर्टलमध्ये, कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत. अशा कॉलेजात चांगला खेळाडू येणार तरी कशाला, हा तुमचा प्रश्न. त्याकडे येतोच, पण आधी मुलाचे कागद. खेळाडूंचे कागद तपासणाऱ्या पात्रता केंद्रात नोंदणी, व्हिडिओ वगैरे तुम्ही केलेलं असणारच, ते सोडतो.

एकच विचारतो. पोराने अकरावी किती वर्षं केली?

मी तेव्हा संघात आणत होतो तो मुलगाही आपल्याकडचाच, स्टेट बोर्डाचा. हात असे लांब की मनगटं नेहमी बाहीच्या बाहेर. दहावीनंतर सायन्स घेतलं, झेपलं नाही, पुढच्या वर्षी कॉमर्सला परत अकरावीत बसला. आपल्याकडे दर गल्लीत असा एक असतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण इथे पहिल्या वर्षाच्या पात्रतेसाठी मुख्य विषयांचे जे 16 कोअर कोर्स लागतात, ते नववीपासून ठरलेल्या मुदतीत व्हावे लागतात. मुदत मोजतात ती त्या देशाच्या शिक्षणपद्धतीप्रमाणे, म्हणजे आपल्याकडे नववी ते बारावी चार वर्षं. मुदत उलटल्यावर केलेल्यांतला एकच कोर्स धरतात. मुलाने बारावी 72 टक्क्यांनी पास केली होती, पण घड्याळ वर्षभर आधीच थांबलेलं.

आता माझा मूर्खपणा ऐका. दोन्ही मार्कशीट माझ्या टेबलावर शेजारी शेजारी कित्येक दिवस पडल्या होत्या. एकीवर 2016 चा मार्च, दुसरीवर 2019 चा फेब्रुवारी. मी टक्के पाहिले, विषय पाहिले, इंग्रजीचे मार्क पाहून खूशही झालो. वजाबाकी केली नाही. ऑफिसातल्या बाकीच्यांना दहावी-बारावीतलं अंतर कळणं शक्यच नव्हतं, मला घेतलं होतं ते त्यासाठीच.

त्यातून खेळाडूंच्या पात्रतेचे कागद बघणारं कॉलेजातलं ते ऑफिस. नाव घेत नाही, कुठलं ते तुम्ही ओळखाल, तुमच्याकडेही एक असेल. अशा वेळी सवलतीचा अर्ज करता येतो, पण तो कॉलेजने करायचा असतो, घरच्यांना करता येत नाही. मी जूनच्या मध्यात फाइल दिली. दर सोमवारी जाऊन विचारायचो, दर सोमवारी 'प्रोसेसमध्ये आहे'. सहा आठवड्यांनी कळलं की अर्ज गेलेलाच नाही. पहिल्या अकरावीच्या मार्कांची इंग्रजी प्रत हवी होती आणि ती मी स्वतःहून आणून देईन अशी त्यांची समजूत. एक ओळीचा ईमेल टाकायला काय जात होतं? अजून आठवलं की डोकं फिरतं. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू झाले. त्याला आमच्याकडे वर्षभर ना सामना खेळता येणार होता, ना सराव, ना खेळाची स्कॉलरशिप. शेवटी तो कॅन्ससमधल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजात गेला. आम्ही तेव्हाच्या 13 पैकी एक स्कॉलरशिप रिकामी ठेवून सीझन काढला.

तेव्हा आज काय करा? पहिल्या अकरावीचं मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला मागवा. दाखल्यावर प्रवेशाची तारीख आणि इयत्ता दोन्ही असतात, तिथे सगळं उघडं पडतं. आणि त्या ऑफिसकडून 'काय काय बाकी आहे' हे लेखी घ्या. (मी आता कोचिंगमध्ये नाही, नियम दर वर्षी बदलतात, माझ्या शब्दावर जाऊ नका, चालू वर्षाची नियमपुस्तिका स्वतः उघडा.)

आता तुमचा गार्ड. तो जाणारच होता. मनाला लावून घेऊ नका. जर्सी सिटीत, आपली इतकी मंडळी राहतात त्या जर्नल स्क्वेअरपासून हाकेच्या अंतरावर, सेंट पीटर्स नावाचं तुमच्यासारखंच लहान कॉलेज आहे. 2022 च्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी बलाढ्य केंटकीला हरवलं आणि थेट एलिट एट, म्हणजे शेवटच्या आठ संघांची फेरी गाठली, पंधराव्या मानांकनाचा संघ तिथवर जाण्याची ती पहिलीच वेळ. काही दिवसांतच कोच शहीन हॉलोवे सीटन हॉल या मोठ्या संघाकडे गेले आणि मागोमाग मुख्य खेळाडू पांगले. इतकं यश मिळूनही लहान कॉलेजाला माणसं धरून ठेवता आली नाहीत. आता तर 2025 च्या जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. तुमच्या कॉलेजात तेवढ्यात अख्खा क्रीडा विभाग चालत असेल.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: बारावीतल्या स्टार पोरांच्या मागे धावणं सोडा. मोठ्या कॉलेजात दोन वर्षं बाक गरम केलेला, घर तुमच्यापासून तीन तासांवर असलेला मुलगा शोधा. त्याला पैशांपेक्षा मैदानावरची मिनिटं हवी असतात आणि ती तुमच्याकडे आहेत. पण 'पहिल्या पाचात घेतोच' असा शब्द देऊ नका. आमच्या हेड कोचने एकदा दोघांना एकाच जागेचा दिला होता, डिसेंबरपर्यंत दोघेही गेले.

कोल्हापूरच्या मुलाला जाहिरातीच्या पैशांचं गाजर तर मुळीच दाखवू नका. विद्यार्थ्यांच्या एफ-वन व्हिसावर इथे राहून तसले पैसे घेणं म्हणजे व्हिसाशी खेळ. व्हिसाच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्यावर अवाक्षर नको.

आणि अकरावीचं मुलाला विचारू नका, तो 'सगळं ओके आहे सर' म्हणेल. माझाही तेच म्हणाला होता. त्याच्या आईला फोन लावा. तुमच्याकडे रात्र म्हणजे तिकडे सकाळ, डब्याची गडबड असेल, पण कुठलं वर्ष वाया गेलं ते तिला तोंडपाठ असतं.