किमोआधी गोळी की डबी?

प्रश्न : मुलगा 22 वर्षांचा. हॉजकिन्स लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) निघालाय, सोमवारी एबीव्हीडीचं (चार औषधांचं मिश्रण) पहिलं किमो. शुक्राणू वाचावेत म्हणून व्हिटॅमिन ई, सेलेनियम, कोक्यूटेन आजपासून दिलं तर?

उत्तर : गोळ्या राहू द्या. सोमवारच्या आत वीर्य गोठवून घ्या. आयव्हीएफ सेंटरला फोन करून ‘किमो सुरू होणार आहे’ हे आधी सांगा, म्हणजे तारीख लवकर मिळते. दोन-तीन दिवसांचा संयम बरा, पण तेवढा वेळ नसेल तर थांबू नका. घरून न्यायचं असेल तर लॅबने दिलेली डबी शर्टाच्या आत, अंगाच्या उबेला धरून तासाभरात पोचवा. एकांनी ती बर्फात घालून आणली होती. दूध नव्हे ते! पुढे उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन असतो, तो लॅबवाले बघतील. शुक्राणू थोडे निघाले तरी नाउमेद होऊ नका, इक्सीत, म्हणजे शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडतात त्या पद्धतीत, एका बीजाला एक पुरतो.

आणि हो, मुलगा नमुना देत असताना आईवडिलांनी दाराबाहेर उभं राहू नये. खाली चहा प्यायला जा. 2021च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन) कायद्यानुसार ‘मृत्यू झाल्यास नमुन्याचं काय करायचं’ हेही लिहून द्यावं लागतं. पोरगं दचकेल, आधीच कानावर घाला.

एबीव्हीडीनंतर बहुतेकांचे शुक्राणू परततात. पण त्यातलं ब्लिओमायसिन पेशी मारतं तेच मुळी फ्री रॅडिकल्सच्या (पेशींना इजा करणाऱ्या कणांच्या) जोरावर. तुमच्या त्या तिन्ही गोळ्या अँटिऑक्सिडंट, म्हणजे याच कणांना आवरणाऱ्या. त्याच वेळी अँटिऑक्सिडंटचा मोठा डोस कशाला?

प्रश्न : मेलाटोनिन, एन-ॲसिटिलसिस्टिन या अँटिऑक्सिडंटांनी किमोत उंदरांचे वृषण वाचल्याचं वाचलं. मग माणसांना का देत नाहीत?

उत्तर : वाचलंत ते खोटं नाही. सायक्लोफॉस्फामाइड या किमोच्या औषधापासून शरीरात ॲक्रोलिन हे विषारी द्रव्य बनतं, ऑक्सिडेटिव्ह ताण (फ्री रॅडिकल्सचा मारा) वाढतो, आणि शुक्राणूच्या आवरणातली असंतृप्त चरबी त्याला लगेच बळी पडते. पण हे औषध थेट डीएनएलाही चिकटतं. तिथे अँटिऑक्सिडंट काय करणार? शिवाय त्या उंदरांना बहुधा कॅन्सरच नसतो. अँटिऑक्सिडंटने कॅन्सरची गाठही वाचली का, हा प्रश्न मग तिथे पडतच नाही. आपल्याला तोच महत्त्वाचा.

प्रश्न : हळदीचं दूध?

उत्तर : स्वयंपाकातली हळद खुशाल. कर्क्युमिनची कॅप्सूल मात्र ऑन्कॉलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरांना) विचारल्याशिवाय नको.

प्रश्न : किमो संपून आठ महिने झाले, शुक्राणूंचा काउंट शून्य. महिना तीन हजारांच्या ‘फर्टिलिटी’ गोळ्या चालू आहेत.

उत्तर : एक शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात, आणि मूळ पेशी सावरायला कधी दोन वर्षं, कधी जास्त. दर तीन-चार महिन्यांनी काउंट करा, एफएसएच (वृषणाला शुक्राणू बनवायला लावणारं हार्मोन) बघा. अमेरिकेत दोन हजारांहून अधिक जोडप्यांत पुरुषांना झिंक आणि फोलिक ॲसिड देऊन पाहिलं, निकाल 2020 साली आला. मुलं जास्त झाली नाहीत. ते किमो घेतलेले नव्हते, तरीही. शून्य आहे म्हणून गर्भनिरोधक सोडू नका. किमोनंतर वर्षभर तरी गर्भ राहू नये, असंच मी सांगतो. पुढेही शून्यच राहिलं तर मायक्रो-टेसेने, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या शस्त्रक्रियेने, शुक्राणू वृषणातच शोधता येतात. त्या तीन हजारांत दोन-तीन काउंट होतात.