आजोबांचा फोन आणि चमकणारी बंदूक

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. आजोबांच्या फोनवरून बीजीएमआय या बंदुकांच्या मोबाइल गेममध्ये कपडे आणि बंदुकीची स्किन (म्हणजे तिचे नुसते दिखाऊ रूप) घेण्यात त्याने दोन महिन्यांत ३,४०० रुपये उडवले. रागावले तर म्हणतो, "आई, साध्या कपड्यांत सगळे मला बॉट म्हणतात." फोनच काढून घेऊ का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, 'बॉट' म्हणजे यंत्राने चालवलेला कच्चा खेळाडू. सातवीतल्या पोराला हे झोंबणारच. स्किनने नेम सुधारत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. आपण नाही का, दोन्ही बाजूंनी उघडणाऱ्या कंपासपेटीसाठी रडलो होतो! फरक इतकाच, की ती पेटी हातात यायची. इथे रुपयांचे आधी 'यूसी', म्हणजे गेममधले पैसे, होतात, मग क्रेट, म्हणजे बंद खोका, उघडायचा आणि निघेल ते पदरात. हवी ती बंदूक निघेपर्यंत रुपयांचा हिशेब डोक्यातून गेलेला असतो.

फोन काढू नका. गेला तर मित्राच्या फोनवर खेळेल. आजोबांचा यूपीआय पिन बदला. यूपीआय लाइट सुरू असेल तर बंद करा, त्यात छोट्या रकमांना पिन लागतच नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याकडे प्ले स्टोअरवर पैसे म्हणून चालणारे रिडीम कोड रोखीतही मिळतात, तेव्हा खाऊच्या पैशांकडेही लक्ष असू द्या.

आणि एका संध्याकाळी त्याच्याशेजारी बसून "कुठली स्किन घेतलीस, दाखव" म्हणा. आजोबांनाही बसवा. पैसे त्यांचे गेलेत.