पेट्रोल टाकीचं झाकण सैल झालंय, वास येतो. परभणीत घरीच बदलता येईल का?

हो, घरीच बदला, दहा मिनिटांचं काम आहे. झाकणाखालची रबरी रिंग मराठवाड्यातल्या ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात कडक होते, तिला तडे जातात आणि तिथूनच वाफ निसटते. दुकानात जुनं झाकण सोबत न्या. मॉडेल, वर्ष आणि पेट्रोल की डिझेल हेही सांगा. नुसतं आट्यांवर बसतंय म्हणून कुठलंही स्वस्त झाकण घेऊ नका. बऱ्याच झाकणांत हवा आत घेणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. मूळ झाकणात तो असून नव्यात नसेल, तर टाकीत पोकळी तयार होते आणि गाडी चालता चालता आचके देऊ शकते.

काम सकाळी गार असताना, इंजिन बंद ठेवून, उघड्यावर करा. जवळ विडी-काडी नको.

- जुनं झाकण हळूहळू फिरवा, फुस्स आवाज थांबला की काढा.
- त्याच्या प्लास्टिक दोरीची खुंटी पकडीने ओढून काढा.
- तोटीची, म्हणजे पेट्रोल भरायच्या तोंडाची, कड कोरड्या फडक्याने पुसा. इथली धूळ रिंगखाली अडकली की नवं झाकणही गळतं, आणि कचरा आत पडता कामा नये.
- नवी खुंटी दाबून बसवा, झाकण टक्‌ आवाज येईपर्यंत फिरवा.

चावीचं झाकण असेल तर नव्याची चावी वेगळी येईल, हे धरून चाला.

मात्र तोटीची कडच चेपलेली असेल किंवा नव्या झाकणानंतरही वास येत राहिला, तर दोष नळीत किंवा टाकीत असू शकतो. तिथे मेकॅनिकच लागेल.